निळ्या दोऱ्याची चादर

आधीच सांगून टाकते, मला राग लवकर येतो. लाँड्रीत माझ्या पाठीमागे मला 'वाफ' म्हणतात, हे मला चांगलं माहीत आहे. तीस वर्षं रोलरच्या इस्त्रीसमोर उभी राहिलेली बाई थंड डोक्याची कशी असणार? पण आमच्या मुकादमबाईची गोष्ट निघाली की मला येतो तो राग वेगळा. त्यात माझाही वाटा आहे, म्हणून तो लवकर उतरत नाही.

आमची लाँड्री म्हणजे हॉस्पिटलपासून दोन गल्ल्या सोडून असलेली पत्र्याची लांबट शेड. हॉस्पिटलच्या मळक्या चादरी, अभ्रे, पेशंटचे कपडे व्हॅनमधून येतात, आम्ही ते निवडतो, धुतो, रोलरखालून काढतो, घड्या घालतो आणि परत पाठवतो. एका टोकाला घाण, दुसऱ्या टोकाला पांढरं स्वच्छ, आणि मधे आम्ही अठरा माणसं घामाने निथळत. या अठरांवर मुकादमबाई. बुटकी, आवाज मात्र असा की मशीन चालू असताना शेडच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावा.

ती इथे आली तेव्हा सव्वीस वर्षांची होती आणि कडेवर चार वर्षांची पोरगी होती. पोरगी 'अशी' आहे हे डॉक्टरांनी सांगितलं, त्याच आठवड्यात नवरा कामासाठी म्हणून दुसऱ्या गावाला गेला. तो अजून कामातच आहे म्हणे. एवढं कोणाला काम असतं मला ठाऊक नाही, पण भेटला तर विचारणार आहे.

पोरीचं लाडाचं नाव चिमणी. आज ती एकतीस वर्षांची आहे, माझ्याहून वीतभर उंच आहे, तरी चिमणीच. तिला अक्षर येत नाही. दहाच्या पुढे मोजताना अडखळते. लहानपणी कपडे उलटे घालायची, पुढचं मागे. म्हणून आईने तिच्या प्रत्येक कपड्याच्या कॉलरला आतून पिवळा दोरा टाचला. दोरा मानेमागे आला पाहिजे, एवढं शिकवलं. आणि सांगितलं की पिवळा दोरा म्हणजे आपलं. कुठेही हरवलं तरी पिवळा दोरा आपल्याच घरी यायचा.

त्यावरूनच लाँड्रीतली दोऱ्यांची पद्धत निघाली. त्याआधी चादरींवर वॉर्डाचं नाव शाईने लिहायचे. उकळत्या पाण्यात शाई चार धुण्यांत गायब. मग या वॉर्डाची चादर त्या वॉर्डात, आणि वरून आम्हाला बोलणी. एक दिवस ही म्हणाली, "दोरा लावू या." सगळे हसले, मीसुद्धा. तीन आठवडे बसून हिने आणि मी हजारो चादरींच्या कोपऱ्याला दोरे टाचले. पुरुषांच्या वॉर्डाला लाल, लहान मुलांना हिरवा, बाळंतिणींना जांभळा, ऑपरेशनच्या वॉर्डाला निळा. पिवळा मात्र तिने कुठल्याच वॉर्डाला दिला नाही. म्हणाली, तो घरचा आहे.

चिमणी अठरा वर्षांची झाल्यावर निवडायच्या खोलीत कामाला लागली. तेरा वर्षांत ती दोऱ्याला एकदाही चुकली नाही. मी दोनदा चुकले आहे, लिहून घ्या हवं तर. एखादी चादर हातात आली की कोपरा उलटून बघायची, रंग बोलायची आणि ढिगात टाकायची. हिरवा आला की हसायची, कारण त्यावर गुलाबी औषधाचे डाग. निळा आला की तोंड बारीक करायची. निळ्यावर रक्त असायचं. "निळा," म्हणायची, "दुखलं बिचाऱ्याला." रोज वीस-पंचवीस बिचारे तरी व्हायचे. आम्हाला ऐकून ऐकून सवय झाली होती.

आणि या सगळ्यावर तिच्या आईचं एक ठरलेलं वाक्य होतं. "तिला काय कळतंय!" कौतुकानेही तेच आणि वैतागूनही तेच. कुणी चिमणीची थट्टा केली की "जाऊ दे, तिला काय कळतंय." कुणी पोरीसमोर नको ते बोललं तरी "तिला काय कळतंय." त्या वाक्याची तिने पोरीभोवती भिंतच बांधली होती. भिंतीच्या आत पोरीला काय दिसतं, हे बघायला मात्र कुणी गेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी व्हॅनच्या ड्रायव्हरने धाकट्या भावाला आणून उभं केलं. चौतीस वर्षांचा, ताडासारखा उंच, चिमणीसारखाच. कोणतंही काम करताना स्वतःशी "सावकाश, सावकाश" म्हणायचा, म्हणून त्याचं नाव पहिल्या दिवशीच सावकाश पडलं. मुकादमबाईने त्याला घड्यांच्या टेबलावर घेतलं आणि समोर जोडीला चिमणीला दिलं. "दोघंही हळू," मला म्हणाली, "एकमेकांची गती अडवणार नाहीत." ही जोडी तिने स्वतः लावली, हे लक्षात ठेवा.

मोठ्या चादरीची घडी एकट्याने होत नाही. दोघांनी दोन-दोन कोपरे धरायचे, चादर ताणायची, मग चालत एकमेकांजवळ यायचं आणि आपले कोपरे समोरच्याच्या हातात द्यायचे. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. चार घड्या झाल्या की चादर रॅकमध्ये बसते. गेल्या वर्षी रॅकमधल्या थप्प्या घसरून पडायला लागल्या. मी बघायला गेले तर घड्या लहान. पाचवी घडी घातलेली. मी म्हटलं, "अरे, चार घालायच्या ना?" सावकाश लाजून जमिनीकडे बघायला लागला. चिमणी म्हणाली, "मावशी, अजून एकदा जवळ यायचं असतं."

मी हसले. खरं सांगते, पोटभर हसले आणि कोणाला बोलले नाही. चादरी पुन्हा उघडून मी स्वतः चारच्या घड्या घालून ठेवायचे.

मग तो शर्ट आला. सावकाशचा कामाचा शर्ट इतरांच्या कपड्यांबरोबर धुवायला पडला होता, आणि मुकादमबाईने कॉलर उलटून पाहिली तर आत पिवळा दोरा. वाकडातिकडा, गाठींचा, पण पिवळा. तिचा चेहरा मी पाहिला. ब्लेडने तो दोरा तिने टराटरा उसवला. चिमणी धावत आली. "काढू नको! तो हरवेल ना!" आणि हिने पोरीच्या कानाखाली दिली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

त्याच दिवशी जोडी तोडली. चिमणीला परत निवडायच्या खोलीत आणि सावकाशला ट्रॉली ढकलायला. वर मला सुनावलं, "तुला माहीत होतं आणि तू मूग गिळून बसलीस!" मीही ऐकून घेणारी नाही. "तूच जोडी लावलीस," मी म्हटलं, "आता कशाला बोंबलतेस?" आठ दिवस आम्ही बोललो नाही. चिमणी तेवढे आठ दिवस डबा उघडायची आणि तसाच मिटून ठेवायची. कामात चूक नाही, रडणं नाही. फक्त रंग बोलायची बंद झाली. कोपरा बघायचा आणि मुकाट्याने टाकायचं.

नवव्या दिवशी मुकादमबाई माझ्या रोलरपाशी येऊन उभी राहिली. "काय करू गं?" म्हणाली. ही बाई मला काय करू असं कधी विचारत नाही.

मी म्हटलं, "लग्न लावून दे. लोकांची होतात ना?"

"आणि मूल झालं तर? आज मी आहे. उद्या मी डोळे मिटले की तीन जीव कोणाच्या दारात उभे राहतील? तिला नाही म्हटलं तर ती अशी वाळतेय. हो म्हटलं तर पुढचं मला दिसतंय. मी कुठे जाऊ?" तिचा आवाज शेडभर ऐकू जाणारा, त्या दिवशी मला कान द्यावा लागला.

शेवटी आम्ही दोघी ड्रायव्हरच्या घरी गेलो. त्याने खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. वागणं अगदी सभ्य. सभ्य माणसं मला जास्त डोक्यात जातात. म्हणाला, "आमची काही हरकत नाही. उलट त्याची सोय होईल. पण मूलबाळ नको. तेवढी मुलीची पिशवी काढून घ्या, मग लग्न लावू."

असं म्हणाला, जसं काही भाजीच्या पिशवीबद्दल बोलतोय.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "भाऊ, तुमच्याच भावाची नसबंदी करा ना. दहा मिनिटांचं काम, संध्याकाळी घरी. हिचं पोट कशाला फाडायचं?"

त्याची बायको म्हणाली, "अहो ताई, पुरुषाला कशाला सुरी लावायची?" आणि ड्रायव्हरने मान हलवली, म्हणजे विषय संपला.

सावकाश दाराशी उभा राहून ऐकत होता. त्याच्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. मीही नाही.

आणि आता माझा वाटा. परत येताना कोपऱ्यावर मीच म्हटलं, "घे करून. एकदाच काय तो त्रास. दर महिन्याचंही सुटेल. लग्न होईल, ती सुखात राहील." आणि पुढे, स्वतःच्या तोंडाने, "तिला काय कळतंय." त्या क्षणी कुणी माझ्या थोबाडीत मारायला हवी होती.

डॉक्टरही असा भेटला की ज्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. पिशवी चांगली आहे हे त्याने स्वतः तपासून सांगितलं आणि वर म्हणाला, "अंगावर जास्त जातं असं लिहू कागदावर. अशा मुलींचं आम्ही करतो." अशा मुलींचं! गोळ्या असतात, बाकीचे दहा उपाय असतात, हे तो बोलला नाही, आणि आम्ही दोन थोर शहाण्या बायकांनी विचारलं नाही.

चिमणीला सांगितलं, पोट दुखतं ना तुझं, ते तपासून घेऊ. ती खूश. ज्या हॉस्पिटलच्या चादरी ती तेरा वर्षं हाताळत होती, ते तिने आतून कधी पाहिलं नव्हतं. नवा ड्रेस घातला, केस नीट बांधून घेतले. जिन्यावर भेटेल त्याला सांगत होती, "आम्ही लाँड्रीवाले." नर्सने कॉट दाखवली, पडदा ओढला, बदलायला कपडे दिले आणि सहीचा कागद आणायला गेली. मुकादमबाई पिशवीतला टॉवेल काढत होती. मी खिडकीपाशी.

चिमणी कॉटवर बसली, आणि हाताच्या सवयीने तिने चादरीचा कोपरा उलटला.

"निळा," ती म्हणाली.

टॉवेल तिच्या आईच्या हातात तसाच राहिला. सांगते काय, तो दोरा आम्हीच टाचलेला. त्याचा अर्थ आम्हीच तिला शिकवलेला. अक्षर न येणाऱ्या पोरीला वाचता येईल अशी एकच गोष्ट आम्ही या जगात करून ठेवली होती, आणि तिच्याशी खोटं बोलताना नेमकी तीच विसरलो.

ती लगेच कॉटवरून उतरली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "निळ्यावर रक्त असतं. मला काय झालंय? मी मरणार आहे?"

"नाही गं बाळा, फक्त तपासायचंय—"

"तपासायला निळा नसतो. निळा दुखतो." डोळ्यांत पाणी, पण आवाज स्पष्ट. "आई, तू सांग."

आणि मुकादमबाई खाली बसली. तिथेच, फरशीवर. मी तिला अशी बसलेली कधी पाहिली नव्हती. एकेक शब्द ओढून काढावा तसं ती बोलली. पोटात एक पिशवी असते, त्यात बाळ वाढतं. ती हे लोक कापून काढणार. मग तुला बाळ होणार नाही. मग सावकाशचा भाऊ तुमचं लग्न लावून देणार.

चिमणी बोटं मोजायला लागली. तिचा विचार चालला की ती अंगठ्याने बोटांची टोकं मोजते. तीन, चार, पुन्हा पहिल्यापासून.

"सावकाशला पण निळा?" तिने विचारलं.

"नाही."

"मग मला का?"

तिच्या आईने टॉवेल परत पिशवीत कोंबला. आम्ही सगळे महिनाभर फिरत होतो आणि हा एवढा साधा प्रश्न विचारायला ही कॉटवरून उतरावी लागली.

तेवढ्यात नर्स कागद घेऊन आली. "सही करा, डॉक्टर थांबलेत."

"नाही करत," मुकादमबाई उठली. "तिला नकोय."

नर्स वैतागली. "बाई, निर्णय तुमचा असतो. तिला काय कळतंय!"

झालं! आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर त्या बाईचा जो काही भडका उडाला! "काय कळतंय? अहो, तुमच्या या अख्ख्या वॉर्डात कोणती चादर कुठली हे एकाला तरी सांगता येतं का? ती सांगते! मी एकतीस वर्षं हेच बडबडत आले, माझी जीभ झडायला हवी होती! पुन्हा माझ्या पोरीबद्दल हे बोललात तर बघा!" पडद्याआडच्या पेशंट बायका उठून बसल्या. तो आवाज बहुधा आमच्या शेडपर्यंत गेला असेल. नर्स बिचारी वाक्य तेवढं बोलून फसली. खरा राग कोणावर होता ते मला कळत होतं, म्हणून मी खाली मान घालून चिमणीच्या चपला शोधायला लागले.

दोन गल्ल्या आम्ही तिघी चालत आलो. लाँड्रीच्या फाटकात व्हॅन उभी होती, ड्रायव्हर आत गाठोडी उतरवत होता. मुकादमबाई फाटकाबाहेरच थांबली आणि तिने पोरीला विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं असेल.

"चिमणे, तूच सांग. तुला सावकाशशी लग्न करायचंय?"

मला वाटलं, टाळी वाजवून हो म्हणेल. पण ती पुन्हा बोटं मोजायला लागली.

"त्याला विचारते," म्हणाली. "त्याला पण पाहिजे ना."

आणि आत गेली. आम्ही दोघी दारातून बघत राहिलो. त्याच्या घरी जाऊन पाणी पिऊन आलो होतो आम्ही. त्याच्या भावाला विचारलं, वहिनीला विचारलं, डॉक्टरला विचारलं. दाराशी उभ्या असलेल्या त्याला आमच्यातल्या कोणीही विचारलं नव्हतं. मला माझी इतकी लाज वाटली की रागसुद्धा येईना.

चिमणीने सावकाशच्या हातातली ट्रॉली सोडवली, त्याला घड्यांच्या टेबलापाशी आणलं आणि दोन कोपरे हातात दिले. पहिली घडी घालताना तिने विचारलं. काय विचारलं ते मशीनच्या आवाजात आम्हाला ऐकू आलं नाही. तो थबकला. त्याचे ओठ हलत होते, स्वतःशीच सावकाश, सावकाश. एक चादर झाली. दुसरी झाली. शेडमधले सगळे हातातलं काम टाकून, मशीन थांबवून बघत होते, आणि मुकादमबाई कोणावर ओरडली नाही. तिसऱ्या चादरीला, चार घड्या झाल्यावर, तो पाचवीसाठी जवळ आला आणि म्हणाला, "हो."

हे सगळ्यांना ऐकू आलं. ड्रायव्हरलाही. त्याच्या हातातलं गाठोडं खाली पडलं आणि तो तरातरा आमच्याकडेच यायला निघाला. "ऑपरेशन झालं का आधी?" त्याने लांबूनच विचारलं.

मुकादमबाईने ॲप्रनच्या खिशातली पिवळ्या दोऱ्याचं रीळ काढलं, जाऊन पोरीच्या टेबलावर ठेवलं, ॲप्रनचा बंद करकचून आवळला आणि मला म्हणाली, "चल गं वाफे. याच्याशी आता मी बोलते. तू फक्त बाजूला उभी राहा."

बाजूला कसली उभी राहते मी.